फायरवॉलवरची ब्रेक-तेलाची डबी

छोट्या विमानात ब्रेक-तेलाची डबी फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या स्टेनलेस पत्र्यावर, ब्रेकच्या मास्टर सिलिंडरांपेक्षा उंच बसवतात, म्हणजे तेल आपोआप खाली उतरते आणि नळीतली हवा वर निघून जाते. डबी प्लॅस्टिकची नको, ॲल्युमिनियमची हवी, असा सल्ला दिला जातो. सल्ला बरोबर, पण अपुरा. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळते. इंधनाच्या आगीची ज्वाला ११०० अंशांच्या आसपास जाते. त्यामुळे खरा प्रश्न डबीतून निघून स्टेनलेस पत्र्यातून आरपार जाणाऱ्या नळीच्या जोडणीचा आहे. ती ॲल्युमिनियमची असेल, तर वितळली की पत्र्यातले भोक उघडे पडून ज्वाला थेट वैमानिकाच्या पायांशी येते. तेल जेमतेम अर्धा कप, एवढा बाऊ कशाला, असे कोणी म्हणेल. पण भोकाला तेलाच्या मापाशी देणेघेणे नाही. जोडणी पोलादीच घ्यावी. काही ग्रॅम वजन वाढेल, इतकेच.