अहमदनगर जिल्ह्यातील मराठी नाताळगीते आणि त्यांचा वाद्यमेळ : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास लिहिताना शिक्षण, दुष्काळनिवारण व धर्मांतर या विषयांना साहजिकच प्राधान्य मिळते. उपासनेतील संगीत हाही त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा पुरावा आहे. प्रस्तुत लेखात मराठी नाताळगीतांच्या वाद्यमेळाचा विचार केला आहे. उपलब्ध वाद्यांनुसार बदलणारा हा मेळ मराठी पदरचनेच्या स्वभावातूनच घडला, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगर येथे ठाणे स्थापन केले. या मिशनचे मूळ न्यू इंग्लंडमधील काँग्रिगेशनल परंपरेत होते. त्या परंपरेत नाताळास पूर्वी सणाचे स्थान नव्हते. मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 ते 1681 या काळात नाताळ साजरा करणाऱ्यास दंड होत असे. तेथे या दिवसाला सार्वजनिक सुटी मिळाली ती 1856 मध्ये. त्यामुळे आरंभीच्या मिशनऱ्यांकडून नाताळगीतांचा तयार संग्रह येथे येण्याचा संभव कमी होता. 1870च्या दशकात आलेल्या अँग्लिकन मिशनने मात्र सणवारांची नियमित पंचांगरीत सोबत आणली.

दरम्यान 1860च्या दशकात नगर परिसरात ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग सुरू झाला. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी पदे व कीर्तन या दोन्हींद्वारे त्यास आकार दिला. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्ह. नारायण वामन टिळक यांच्या भजनांनी ही धारा समृद्ध केली. अभंग व ओवी यांचा उपासनेत झालेला स्वीकार हे त्यांच्या नगर-राहुरी येथील कार्याचे मोठे फलित होय.

पदरचना आणि वाद्यमेळ

पाश्चात्त्य नाताळगीत सामान्यतः चार आवाजांसाठी स्वरलिपीत बांधलेले असते. इंग्रजी शब्दांतील आघातावर त्याची लय उभी असते, तर मराठी पदाची लय ऱ्हस्व-दीर्घ मात्रांवर. परकीय चालीत मराठी शब्द बसविताना ऱ्हस्व अक्षरावर लांब स्वर येतो आणि उच्चार विद्रूप होतो. देशी चालीत ही अडचण उद्भवत नाही. तेथे एकच स्वरावली प्रमाण असते. मुख्य गायक ओळ सांगतो, झीलकरी ती उचलतात, पेटी त्या स्वरावलीची साथ करते आणि तबला किंवा ढोलकी ठेका धरते. बासरी वा व्हायोलिन असल्यास भर पडते. नसल्यास गीत अपुरे वाटत नाही. टाळांची एक जोडीही पुरते. परकीय चालींतही तीनच्या लयीच्या चाली दादऱ्यात आणि चारच्या लयीच्या केरव्यात सुलभतेने बसतात.

असा मेळ पाश्चात्त्यांनाही अपरिचित नव्हता. ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे 1818च्या नाताळात ‘शांत रात्र’ हे प्रसिद्ध गीत प्रथम गायिले गेले, ते दोन आवाज आणि एका गिटारच्या साथीने.

वाद्ये आणि सामाजिक प्रतिष्ठा

वाद्याची निवड हा केवळ संगीताचा प्रश्न नव्हता. जिल्ह्यातील नवख्रिस्ती समाजात महार व मांग समाजांतील लोक मोठ्या संख्येने होते. गावगाड्यात हलगी-सनई वाजविणे हे मांगांकडे जातीचे काम म्हणून आलेले होते. ज्या कामाने हीनत्व लादले, त्याच कामाची वाद्ये उपासनेत आणावीत की टाकून द्यावीत, हा पेच प्रतिष्ठेशी निगडित होता. पेटी या दृष्टीने सोयीची होती. युरोपातून आलेल्या या वाद्यास येथील कोणत्याही जातीचा शिक्का नव्हता. टाळ व तबला भजन-कीर्तनाच्या प्रतिष्ठेसह आले. अशा रीतीने वाद्यमेळात सामाजिक उन्नतीची आकांक्षाही व्यक्त झाली, असे म्हणता येईल.

समारोप

1970 मध्ये उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाल्यावर काँग्रिगेशनल व अँग्लिकन या दोन्ही धारा एका छत्राखाली आल्या. आज सिंथेसायझर व ध्वनिमुद्रित साथ सहज मिळते. परंतु गीतसंग्रहांत शब्द छापले जातात आणि चालीचा बहुधा केवळ नामनिर्देश असतो. मूळ चाल गायकांच्या स्मरणातच राहते. ज्या लवचिकतेने ही गीते गावोगाव पोहोचविली, तिनेच त्यांच्या चाली लेखनाबाहेर ठेवल्या. वयोवृद्ध गायकांचे ध्वनिमुद्रण आणि चालींचे स्वरलेखन हे काम जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, मराठी व संगीत विभागांनी एकत्रितपणे हाती घेतल्यास हा ठेवा टिकेल. अन्यथा शब्द ग्रंथालयात राहतील आणि गाणे मात्र हरवेल.