अडाणीपणाच्या माथी मारलेला प्रश्न

मुली जन्माआधीच का नाहीशा केल्या जातात, या प्रश्नाला आपल्याकडे एक तयार उत्तर आहे: गरिबी आणि अडाणीपणा. शिक्षण पसरेल, चार पैसे हाती येतील, तसा मुलाचा हव्यास ओसरेल, असे या पक्षाचे म्हणणे. हा पक्ष पोकळ नाही. मुलगाच हवा, असा आग्रह शिकलेली स्त्री कमी बोलून दाखवते. शिवाय २०११ च्या जनगणनेनुसार देशात सर्वाधिक साक्षर असलेल्या केरळात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ९६४ मुली होत्या. असे मत हसून उडवता येत नाही. ते पुराव्यानेच खोडावे लागते.

आपल्याच राज्यापासून सुरुवात करू. १९९१ साली महाराष्ट्रात साक्षरता सुमारे ६५ टक्के होती आणि या वयोगटात हजारी ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये साक्षरता ७७ टक्क्यांवर गेली, मुली ९१३ वर आल्या. २०११ मध्ये साक्षरता ८२ टक्के, मुली ८९४. औषधाची मात्रा वाढवावी तसा रोगही बळावत असेल, तर निदान बरोबर आहे असे कोणता वैद्य म्हणेल?

राज्याची सरासरी फसवी असते, असा आक्षेप येईल. मग जिल्हे पाहू. २००१ साली ऊस, साखर कारखाने आणि दूध संघ यांनी संपन्न झालेल्या कोल्हापुरात ८३९ मुली होत्या, सांगलीत ८५१. त्याच साली जंगलपट्टीतल्या गरीब गडचिरोलीत ९६६. यावर पूर्वपक्ष बीड पुढे करील: दुष्काळी, ऊसतोडीवर जगणारा जिल्हा आणि २०११ चा आकडा ८०७. पण हेच बीड दहा वर्षांपूर्वी ८९४ वर होते. मधल्या काळात ते अधिक अडाणी झाले काय? साक्षरता तिथेही वाढलीच होती.

राहिले केरळ. २०११ मध्ये गडचिरोलीचा आकडा ९६१ होता, म्हणजे केरळच्या अगदी जवळ. साक्षरतेत मात्र दोघांत सुमारे वीस टक्क्यांचे अंतर. मग दोन्हीकडच्या मुली एकाच साक्षरतेने कशा वाचवल्या?

निर्णायक पुरावा याहून थेट आहे. प्रभात झा आणि सहकाऱ्यांचा भारताविषयीचा अभ्यास २०११ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. पहिली मुलगी असलेल्या घरांत दुसऱ्या खेपेला हजार मुलग्यांमागे १९९० मध्ये ९०६ मुली जन्मत. २००५ मध्ये ८३६. ही घसरण दहा किंवा अधिक इयत्ता शिकलेल्या आयांमध्ये आणि सधन घरांत जास्त होती. बोलण्यात आग्रह कमी, करण्यात जास्त. पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम खांब इथे ढासळतो.

मग हुंडा? हुंडा सहज देऊ शकणारी घरेच मुली जास्त टाळतात. वारसाहक्क? महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला वडिलोपार्जित संपत्तीत जन्मसिद्ध वाटा दिला. बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करत राहिल्या आणि आकडे उतरत राहिले. सोनोग्राफी? यंत्राने गर्भ दिसतो. नको असण्याची इच्छा यंत्रातून येत नाही. गर्भलिंगनिदानावर देशात पहिला कायदा १९८८ मध्ये याच राज्याने केला, तरी ती इच्छा मेली नाही. टंचाईने मुलींचे मोल वाढेल? हरियाणात वधू परप्रांतांतून आणाव्या लागल्या. हुंडा संपला नाही.

दक्षिण कोरियाने तर कोडे आणखी अवघड केले. १९९० च्या सुमारास, शिक्षण आणि समृद्धी दोन्ही वाढलेली असताना, तिथे शंभर मुलींमागे सुमारे ११६ मुलगे जन्मत होते. पुढे दीड-दोन दशकांत हे प्रमाण नैसर्गिक पातळीवर आले. कशामुळे? कुटुंबप्रमुखपद पुरुषाकडे ठेवणारी कायदेशीर व्यवस्था मोडली म्हणून, की शहरात म्हातारपणाचा आधार लेकीही होऊ लागल्या म्हणून? अभ्यासकांचे एकमत नाही.

प्रश्न खरोखरच उघडा आहे. ‘अडाणीपणा’ हे उत्तर टिकून राहते ते पुराव्याच्या बळावर नव्हे, सोयीच्या बळावर: ते देणारा स्वतः शिकलेला असतो, म्हणून आपोआप निर्दोष सुटतो. न्याय वाचकांनी करावा. माझी मागणी एवढीच की, अडाणी माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढा. त्याच्याविरुद्धचा पुरावा टिकत नाही. ज्यांच्याविरुद्ध टिकतो, ते दहावी किंवा त्यापुढे शिकलेले आहेत.