मूलोद्योगातील बागकाम : वर्धा ते पुणे (१९३७–१९३९)

१९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेच्या इतिहासात टकळीला जे स्थान लाभले, ते खुरप्याला लाभले नाही. मूलोद्योग-शिक्षण म्हणजे सूतकताई, असे समीकरण लोकांच्या मनात रूढ झाले आणि अभ्यासकांच्या लेखनातही ते पुष्कळदा तसेच उतरले. वस्तुतः झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगांची जी यादी दिली, तीत कताई-विणकाम, सुतारकाम, शेती व चर्मकाम यांच्या जोडीने फळबाग व भाजीबाग यांचाही निर्देश होता. शेती आणि बागकाम हे दोन उद्योग समितीने वेगळे मानले होते, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. नांगर धरण्याचे बळ सात-आठ वर्षांच्या मुलाच्या अंगी नसते; परंतु वाफा बांधणे, बी टोकणे, रोप लावणे आणि निंदणी करणे ही कामे त्याला सहज साधतात. असे असूनही बागकाम मागे का राहिले, हा प्रश्न केवळ एका उद्योगाच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेचा नाही. शाळेतील मुलाच्या श्रमाचे मोल कशावरून ठरवावयाचे, या मूळ वादाशी तो निगडित आहे.

१. पूर्वपीठिका

मुलाला बागेतून शिकवावे, हा विचार वर्ध्याला नव्याने जन्मला नव्हता. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल याने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि १८४० मध्ये आपल्या संस्थेला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. हे नाव केवळ रूपकात्मक नव्हते. प्रत्येक मुलाचा स्वतंत्र वाफा आणि सर्वांचे मिळून सामाईक वाफे, अशी बागेची रचना त्याने कल्पिली होती. स्वतःची जबाबदारी आणि समूहाशी असलेले नाते, या दोहोंचे शिक्षण मुलाला एकाच जमिनीवर मिळावे, हा त्यामागील हेतू होता.

हिंदुस्थानात हा प्रश्न मात्र प्रथम शेतकी शिक्षणाच्या अंगाने पुढे आला. मुंबई इलाख्यात पुणे जिल्ह्यातील लोणी येथील शाळेच्या नमुन्यावर थोड्या मोठ्या वयाच्या मुलांसाठी स्वतंत्र शेतकी शाळा निघाल्या. पंजाबात याहून वेगळा मार्ग अवलंबिण्यात आला. तेथे नेहमीच्याच देशी भाषेतील माध्यमिक शाळांना जमिनीचा तुकडा जोडून त्यावरील काम अभ्यासक्रमात आणले गेले. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात या दोन नमुन्यांची तुलना करून पंजाबी पद्धतीला पसंती दिली. लोणीच्या नमुन्यात शेतीसाठी शाळा होती, तर पंजाबच्या नमुन्यात शाळेसाठी शेती होती, असा या दोहोंतील भेद थोडक्यात सांगता येईल.

तिसरा प्रवाह बंगालमधून आला. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या प्रेरणेने १९२४ मध्ये सुरू झालेल्या ‘शिक्षा-सत्र’ या शाळेत ग्रामीण मुलांच्या शिक्षणात हस्तव्यवसाय व बागकाम यांना महत्त्वाचे स्थान होते. शांतिनिकेतनात काम केलेले ई. डब्ल्यू. आर्यनायकम् व आशादेवी हे दांपत्य पुढे वर्ध्याच्या कार्याचे प्रमुख आधारस्तंभ झाले. त्यामुळे वर्धा योजनेत गांधीजींच्या चरख्याबरोबर रवींद्रनाथांच्या शाळेतील अनुभवही आला, असे म्हणणे अनुचित होणार नाही.

२. वर्धा परिषद आणि स्वावलंबनाचा प्रश्न

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. काँग्रेसने अधिकारग्रहण केलेल्या प्रांतांचे शिक्षणमंत्री, राष्ट्रीय शिक्षणसंस्थांचे चालक आणि विनोबा भावे, काका कालेलकर, झाकिर हुसेन, के. टी. शाह आदी विचारवंत तीस उपस्थित होते. परिषदेच्या पार्श्वभूमीला एक आर्थिक पेच होता. प्रांतिक सरकारांचा शिक्षणखर्च बऱ्याच अंशी मद्यावरील अबकारी उत्पन्नातून भागे आणि दारूबंदी तर काँग्रेसच्या कार्यक्रमाचा भाग होती. मुलांच्या उद्योगातून शाळेचा खर्च निघावा, हा गांधीजींचा आग्रह या पेचातून सुटण्याचाही एक मार्ग होता. मात्र तेवढ्यापुरताच तो नव्हता. उद्योगाचे फळ बाजारात कसोटीला उतरले, तरच तो उद्योग प्रामाणिकपणे शिकविला गेला असे मानता येईल, अशी त्यांची धारणा होती.

याच मुद्द्यावर मतभेद प्रकट झाले. सरकारी साहाय्याने तयार झालेला शाळांचा माल गरीब कारागिरांशी विषम स्पर्धा करील, अशी शंका के. टी. शाह यांनी उपस्थित केली. झाकिर हुसेन यांना वेगळ्या धोक्याची जाणीव होती. स्वावलंबनावर अवास्तव भर पडला तर शिक्षक मुकादम होऊन बसतील आणि गरीब मुलांच्या श्रमाचे शोषण होईल, असा इशारा त्यांनी दिला. परिषदेने चार ठराव संमत केले : सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, उत्पादक हस्तोद्योगाभोवती शिक्षणाची गुंफण, आणि शिक्षकांचे वेतन या पद्धतीतून क्रमशः निघेल ही अपेक्षा. त्यानंतर नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल सादर केला. आर्थिक बाजूवर भर देऊन सांस्कृतिक व शैक्षणिक उद्दिष्टांचा बळी दिला जाण्याचा धोका आहे, ही सूचना या अहवालातही आहे.

३. मोजमापाची कसोटी

टकळी आणि खुरपे यांचे भवितव्य वेगळे का झाले, हे समितीच्या वेळापत्रकावरून समजते. शाळेच्या ५ तास ३० मिनिटांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगासाठी राखून ठेवण्यात आली होती आणि वर्षातून २८८ दिवस शाळा भरावी अशी अपेक्षा होती. याचा अर्थ वर्षाकाठी ९६० तास उद्योगासाठी मिळत. हे तास वर्षभर सारखे वाटलेले होते.

कताईला अशी वाटणी मानवते. टकळी स्वस्त असते. तिला जमीन लागत नाही, पाऊस लागत नाही आणि वर्गातल्या वर्गात तिच्यावर काम होते. दिवसअखेर सुताचे तार मोजता येतात, सुताचा नंबर काढता येतो आणि प्रत्येक मुलाच्या नावापुढे आकडा लिहिता येतो. बागेची गोष्ट निराळी आहे. मेथी महिन्याभरात काढणीला येते. परंतु वांग्याचे रोप लावल्यापासून फळ हाती येईपर्यंत दोन-अडीच महिने जातात, आणि आंब्याच्या कलमाचे फळ ते लावणाऱ्या वर्गाला शाळेत असेपर्यंत मिळेलच असे नाही. जून ते सप्टेंबर या काळात काम अंगावर येते, तर उन्हाळ्यात विहीर आटली की ते थांबते. त्यातही दीर्घ सुट्टी नेमकी अशा वेळी येते, की जेव्हा रोपांना पाण्याची सर्वांत अधिक गरज असते. कुंपण, पाणी, खत आणि राखण यांची तरतूद नसेल तर एका रात्रीत मोकाट गुरे सगळ्या वर्गाचे श्रम फस्त करतात. अशा कामाची रोजची नोंद तारांच्या संख्येत होऊ शकत नाही.

परंतु मूलोद्योगाचे शैक्षणिक मर्म ज्या समवायात, म्हणजे उद्योग व विषय यांच्या स्वाभाविक सांगडीत, होते, त्या दृष्टीने पाहता बागेच्या या अडचणी हेच तिचे सामर्थ्य होते. वाफ्याचे क्षेत्रफळ, बियाण्याचे प्रमाण, पर्जन्यमान, मातीचा पोत, कीड, शेणखताचे कुजणे हे सारे विषय येथे ओढून-ताणून आणावे लागत नाहीत. उगवण का झाली नाही, हा प्रश्न मुलापुढे आपोआप उभा राहतो आणि त्याचे उत्तर निरीक्षणावाचून मिळत नाही. कताईतही गणित व इतिहास येतात, हे गांधीजींनी वर्ध्याच्या भाषणात टकळीचेच उदाहरण घेऊन दाखविले होते. तथापि टकळीवरील पहिल्या काही महिन्यांनंतर कौशल्य वाढते, नवे प्रश्न मात्र तितक्या वेगाने वाढत नाहीत. बागेत प्रत्येक हंगाम नवा प्रश्न घेऊन येतो.

४. पुण्याची परिषद

१९३८ मध्ये हिंदुस्थानी तालीमी संघाची स्थापना झाली व प्रांतोप्रांती प्रयोग सुरू झाले. बिहारमध्ये चंपारण जिल्ह्यातील एका सलग क्षेत्रात १९३९ साली ३५ शाळा काढण्यात आल्या. मध्यप्रांतात रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजना आकारास आली. या योजनेत शाळेला दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नातून शिक्षकाचे वेतन भागवावयाचे होते. जमीन येथेही केंद्रस्थानी होती, परंतु ती मुलाच्या शिक्षणाचे साधन म्हणून नव्हे, तर शाळेच्या निर्वाहाचे साधन म्हणून. ज्या जमिनीवर वेतन अवलंबून आहे, तिच्यावर मुलांना चुका करू देणे कोणत्या शिक्षकाला परवडणार, हा प्रश्न या योजनेच्या मुळाशीच होता.

ऑक्टोबर १९३९ मध्ये मुंबई सरकारच्या निमंत्रणावरून पुणे येथे मूलोद्योग-शिक्षणाची पहिली परिषद भरली. मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळ गंगाधर खेर हे स्वतः या शिक्षणाचे पुरस्कर्ते होते. वर्ध्याला विचारवंत व मंत्री जमले होते. पुण्याला त्यांच्याबरोबर प्रत्यक्ष काम करणारे अध्यापक व अधिकारी वर्ष-दीड वर्षाचा अनुभव घेऊन आले. परिषदेचा वृत्तांत ‘वन स्टेप फॉरवर्ड’ या नावाने प्रसिद्ध झाला. दुर्दैवाने हा काळ अनुकूल नव्हता. महायुद्ध सुरू झाले होते आणि काँग्रेस मंत्रिमंडळांनी पायउतार व्हावे, असा निर्णय त्याच महिन्यात झाला होता. सत्तेचा आधार गेल्यावर जे प्रयोग जमीन, विहीर व कुंपण यांसाठी सरकारी खर्चावर अवलंबून होते, त्यांना अधिक झळ पोहोचणे स्वाभाविक होते. एप्रिल १९४१ मध्ये जामियानगर, दिल्ली येथे दुसरी परिषद झाली. त्याच वर्षी ओरिसात सरकारने हा प्रयोग बंद केला.

५. फलित

१९४४ च्या सार्जंट योजनेने मूलोद्योगाचे तत्त्व स्वीकारले, परंतु शिक्षणाने आपला खर्च स्वतः भागवावा ही अपेक्षा अमान्य केली. जानेवारी १९४५ च्या सेवाग्राम परिषदेत नई तालीमची व्याप्ती बालपणापासून प्रौढ वयापर्यंत वाढविण्यात आली आणि सेवाग्रामच्या शाळेत भाजीबाग, स्वयंपाक व सफाई यांना एकत्रित अर्थ प्राप्त झाला. बाजाराऐवजी स्वयंपाकघर हे येथे उत्पादनाचे गंतव्यस्थान होते. मुलाने पिकविलेले मुलानेच खाल्ले, तर शाह यांची स्पर्धेची शंका आणि झाकिर हुसेन यांची शोषणाची भीती या दोहोंचे पुष्कळ अंशी निरसन होते. विक्रीच्या हिशेबात उणी ठरलेली भाजीबाग या हिशेबात मात्र पुरी उतरते.

पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) ‘कार्यानुभव’ आणि ईश्वरभाई पटेल समितीने (१९७७) ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ या संज्ञा आणल्या. २०१९ मध्ये केंद्र सरकारने शालेय पोषण-बागांसंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा परसबागेतील भाजी शाळेच्या आहारात जावी ही कल्पना अधिकृतपणे पुन्हा मांडली गेली. तथापि जुना धोका यामुळे संपतो असे नाही. बागेची नोंद किलोंत होऊ लागली आणि ती राखण्याचे काम मुलांऐवजी मजुराकडे गेले, तर भाजी मिळेल, शिक्षण मिळणार नाही. वर्धा ते पुणे या दोन वर्षांच्या इतिहासाचा बोध हाच आहे, की शाळेच्या बागेत कोणते पीक निघाले यापेक्षा ते का निघाले किंवा का निघाले नाही, हे मुलाला विचारण्यास शिक्षकाला किती अवकाश मिळाला, यावर तिचे यशापयश ठरते. १९३७ च्या वेळापत्रकाने मूलोद्योगाला तास भरपूर दिले. बागेला आवश्यक असलेला हा अवकाश मात्र त्यात बसू शकला नाही.