पिटातल्या प्रेक्षकाची पसंती

मराठी मुलखातल्या सामान्य प्रेक्षकाचे सिनेमाविषयीचे मत परीक्षणांत फारसे सापडत नाही. एखादा खेळ किती आठवडे टिकला, जत्रेच्या तंबूत कोणते रीळ पुन्हा मागवले गेले, पडद्यापुढे चपला कोणत्या चित्रपटाला उतरल्या, यांतून ते कळते. समीक्षक सगळ्या चित्रपटांना एकच फूटपट्टी लावत आला. पिटातल्या, म्हणजे पडद्याजवळच्या स्वस्त जागांवरच्या, प्रेक्षकाने मात्र देवाच्या पिक्चरला एक, तमाशाच्या पिक्चरला दुसरी आणि मारामारीच्या पिक्चरला तिसरी लावली.

सुरुवातीला निकष एकच होता, पैसे वसूल होण्याचा. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लागला, तेव्हा त्याची स्पर्धा नाटकाशी होती. दोन आण्यांत पाच-सहा तास नाटक बघणाऱ्याला तीन आण्यांचा जेमतेम तासाभराचा मुका खेळ महागच वाटणार. सुरतेत पहिल्या दिवसाचा गल्ला तीन रुपयांवर अडला, असे सांगतात. फाळक्यांनी मग जाहिरात केली ती सत्तावन्न हजार छायाचित्रांची, दोन मैल लांबीच्या चित्राची, आणि तेही फक्त तीन आण्यांत. त्यात कलेविषयी चकार शब्द नव्हता. मालाचे माप तेवढे सांगितले होते, आणि ते गिऱ्हाइकाला पटले.

पौराणिक चित्रपटाकडून अपेक्षा दोनच: देव देवासारखा दिसावा आणि चमत्कार डोळ्यांदेखत घडावा. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. संगीत नाटकांतल्या स्त्रीपार्टी नटांना सरावलेल्या प्रेक्षकाला त्यात वावगे काही वाटले नाही. शेपटी पेटली, लंका जळली, खेळ पास झाला.

संतपटाने या अपेक्षेत घरसंसाराची भर घातली. प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' १९३६ साली आला. दामले-फत्तेलाल दिग्दर्शक, तुकारामाच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. मुंबईत तो एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याची दखल घेतली गेली. व्हेनिसचे कौतुक पुण्या-मुंबईच्या जाणकारांना, पण खेड्यातून बैलगाडीने आलेल्या बाईला तुकारामाइतकीच जिजाई आपली वाटली. गौरी या नटीने उभी केलेली जिजाई म्हैस सांभाळते, नवऱ्याच्या भोळेपणावर करवादते, आणि पोर तापाने फणफणले की हातात पायताण घेऊन थेट विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते. देवावर चिडण्याचा हा हक्क वारकरी घरांतल्या बायकांना परका नव्हता. शेवटी विमान वैकुंठाला जाते आणि तीच जिजाई मागे संसारात उरते. याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक पद इतके बेमालूम उतरले की पुष्कळांनी ते तुकोबांचाच अभंग समजून गाथेत शोधले. गीतकाराला याहून मोठी पावती मिळणे कठीण.

सामाजिक आणि विनोदी चित्रपटांचा प्रेक्षक प्रामुख्याने शहरी, शिकलेला. 'कुंकू'मधल्या (१९३७) जरठ-कुमारी विवाहावर माजघरांत वाद झडले. पुढच्याच वर्षी आचार्य अत्रे यांनी लिहिलेला, मास्टर विनायक यांचा 'ब्रह्मचारी' आला. त्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या. नाके मुरडली गेली, पण तिकिटेही विकली गेली. नाके मुरडणारे आणि तिकिटे काढणारे पुष्कळदा तेच होते, असे मानायला जागा आहे.

स्वातंत्र्यानंतर बहुजन प्रेक्षकाने आपला प्रकार निवडला, तो तमाशापट. १९४७ च्या 'जय मल्हार' आणि 'लोकशाहीर राम जोशी' यांनी वाट पाडली आणि १९५९ मध्ये अनंत माने यांच्या 'सांगत्ये ऐका'ने तिचा हमरस्ता केला. हंसा वाडकर आणि जयश्री गडकर यांचा हा चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात अडीच वर्षांच्या आसपास मुक्काम ठोकून होता. या लोकप्रियतेचे एक कारण फारसे बोलले जात नाही. ज्या घरांतल्या बायकांना तमाशाच्या कनातीकडे फिरकायचीही मुभा नव्हती, त्यांना लावणी पहिल्यांदा दिसली ती चित्रपटगृहात, नवऱ्याशेजारी बसून. पुरुष पुढच्या रांगांतून फेटे उडवत, पडद्यावर चिल्लर फेकत. लावणीला ठसका हवा, ढोलकी कडक हवी आणि पाटील वा सरपंच नीच हवा, एवढीच मागणी. 'एक गाव बारा भानगडी'पासून (१९६८) पुढे आलेले निळू फुले यांनी तो नीचपणा इतका अस्सल वठवला की खेड्यांतल्या बायका त्यांना खरोखरच वाईट चालीचा माणूस समजू लागल्या. व्ही. शांताराम यांच्या 'पिंजरा'ने (१९७२) याच प्रकाराला रंग आणि शोकांतिका दिली.

या प्रेक्षकाचे मत तोलून पाहण्याची खरी जागा म्हणजे टुरिंग टॉकीज. सुगी उरकली की सातारा, सांगली, सोलापूर भागांतल्या जत्रांमध्ये तंबू पडत. दिवसा भोंगा लावलेली गाडी वाड्या-वस्त्यांवरून ओरडत फिरे. रात्री देवदर्शन उरकून लोक घोंगडी-पोती अंथरून जमिनीवर बसत. जत्रेत तंबू एकाला एक लागून असत, त्यामुळे पहिल्या रिळात खेळ जमला नाही तर प्रेक्षक उठून शेजारच्या तंबूत जायला मोकळा. तंबूवाले म्हणूनच धोका पत्करत नसत. देवाचा, तमाशाचा किंवा दादांचा, यांपैकी एक पिक्चर पेटीत असेच.

दादा म्हणजे दादा कोंडके. 'सोंगाड्या' (१९७१) दादरच्या एका चित्रपटगृहात लावण्यावरून वाद झाला, शिवसेना मध्ये पडली आणि तो लागला. तो चालला मात्र दादांच्या लोंबत्या नाडीवर आणि दुहेरी अर्थाच्या संवादांवर. समीक्षकांनी अश्लीलतेचा शिक्का मारला. कामगार वस्त्यांनी आणि खेड्यांनी ओळीने नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव करून दाखवले. लोकनाट्यातला सोंगाड्या असेच बोलत आला होता. पिटाला त्यात नवे वाटले ते एवढेच की तो आता पडद्यावर बोलत होता.

१९७५ साल या दृष्टीने फार बोलके आहे. मे महिन्यात कमी खर्चाचा 'जय संतोषी माँ' आला आणि १५ ऑगस्टला 'शोले'. पहिल्याला प्रेक्षक चपला बाहेर काढून बसत, आरती ओवाळत, पैसे वाहत, आणि बायका शुक्रवारी आंबट वर्ज्य करून गूळ-चण्याचे व्रत धरत. 'शोले'ला सुरुवातीला जाणकारांनी पडेल ठरवले होते. प्रेक्षकांनी तोंडी प्रचार करून तो मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे चालवला आणि त्यातल्या संवादांच्या तबकड्या गाण्यांच्या तबकड्यांसारख्या खपल्या. व्रताचे पथ्य पाळणारे आणि गब्बरची नक्कल करणारे घर पुष्कळदा एकच होते.

पुढच्या दोन दशकांत विनोद आणि अश्रू यांनी वाटणी करून घेतली. 'धुमधडाका' (१९८५) आणि 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) यांची खरी कसोटी दुसऱ्यांदा बघण्यात होती. संवाद आधीच पाठ असताना हसू येते का, एवढेच पाहायचे. याउलट राजस्थानी चित्रपटावरून बेतलेल्या 'माहेरची साडी'ची (१९९१) ख्याती 'रडून रडून रुमाल भिजला' या शब्दांत पसरली. अलका कुबल यांनी सोसलेला सासुरवास पाहायला बायका घोळक्याने आल्या. चित्रपट अतिरंजित आहे हे त्यांना कळत नव्हते असे नाही. रडायला अंधार आणि सोबत मिळते हे कारण पुरेसे होते.

मल्टिप्लेक्स आले आणि आठवड्यांची मोजणी संपली. सोमवारी कोटींचे आकडे येतात, त्यावर निकाल लागतो. चांगल्या वेळेचे खेळ मिळेनात म्हणून २०१५ मध्ये राज्य सरकारने मराठी चित्रपटांसाठी नियम केला. रिळे गेली तसे बहुतेक तंबूही उठले. तरी 'सैराट'ला (२०१६) तरुण मुले पडद्यापुढे नाचली आणि 'बाईपण भारी देवा'ला (२०२३) बायका नऊवारी नेसून, काळे गॉगल लावून, बस ठरवून गेल्या.