सशर्त कायम वास्तव्य (अमेरिका)

सशर्त कायम वास्तव्य हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या स्थलांतर कायद्यातील दोन वर्षांच्या मुदतीचा रहिवासी दर्जा होय. विवाहाच्या आधारे ग्रीन कार्ड मिळताना विवाहाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसल्यास हा दर्जा दिला जातो. काही परकीय गुंतवणूकदारांनाही तो मिळतो. मुदत संपण्यापूर्वी ठरावीक अर्ज करून अट उठवून घेतल्यास सशर्त रहिवासी सामान्य कायम रहिवासी बनतो. अर्ज न केल्यास दर्जा संपुष्टात येतो.

नावात ‘सशर्त’ असले तरी हा दर्जा दुय्यम नाही. सशर्त रहिवाशाला अमेरिकेत राहण्याचा, नोकरी-व्यवसाय करण्याचा आणि परदेशी जाऊन परतण्याचा अधिकार इतर कायम रहिवाशांप्रमाणेच असतो, आणि करही त्यांच्याप्रमाणेच भरावा लागतो. या काळातील वास्तव्य नागरिकत्वासाठी पूर्णपणे मोजले जाते. खरा फरक मुदतीचा आहे. सामान्य ग्रीन कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असते. ती उलटली तरी केवळ कार्ड कालबाह्य होते, दर्जा कायम राहतो. सशर्त रहिवाशाच्या दोन वर्षांच्या कार्डाबरोबर मात्र दर्जाही संपतो. त्यामुळे कार्डाच्या नूतनीकरणाचा नेहमीचा आय-९० हा अर्ज येथे उपयोगी पडत नाही. या दोन गोष्टींतील गल्लत अनेकांना महागात पडते.

इतिहास

१९५२च्या स्थलांतर व नागरिकत्व कायद्यात विवाहाने मिळणारे वास्तव्य पहिल्या दिवसापासून कायम होते. केवळ ग्रीन कार्डासाठी केलेल्या बनावट विवाहांना आळा घालण्यासाठी १९८६ साली काँग्रेसने विवाह-फसवणूक प्रतिबंधक दुरुस्त्या संमत केल्या. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या स्वाक्षरीने त्या १० नोव्हेंबर १९८६ रोजी अमलात आल्या आणि मूळ कायद्यात कलम २१६ समाविष्ट झाले. तत्पूर्वी सिनेटच्या उपसमितीपुढे स्थलांतर सेवेचे आयुक्त ॲलन नेल्सन यांनी अशा विवाहांपैकी सुमारे ३० टक्के विवाह संशयास्पद असल्याचे सांगितले होते. हा आकडा ज्या पाहणीवर आधारला होता, ती सांख्यिकीदृष्ट्या ग्राह्य नसल्याचे पुढे न्यायालयीन कामकाजात उघड झाले. तोवर कायदा रुळला होता.

मूळ तरतुदींचा सर्वांत मोठा दोष असा की, अट उठवण्याचा अर्ज पतिपत्नी दोघांच्या सहीने करावा लागे आणि त्यातून सुटकेच्या वाटा फार अरुंद होत्या. घटस्फोट झाला असल्यास तो स्थलांतरित जोडीदारानेच आणि सबळ कारणासाठी घेतलेला असणे आवश्यक होते. परिणामी मारहाण सोसणाऱ्या स्त्रीचे वास्तव्य मारहाण करणाऱ्या पतीच्या सहीवर अवलंबून राहिले. १९९०च्या स्थलांतर कायद्याने मारहाण अथवा अतीव क्रौर्य हे सुटीचे स्वतंत्र कारण म्हणून मान्य केले आणि घटस्फोट कोणी मागितला, ही बाब गौण ठरवली. गुंतवणूकदारांचा ईबी-५ हा वर्गही याच कायद्याने निर्माण झाला.

कोणाला लागू होते

वास्तव्याचा दर्जा ज्या दिवशी प्राप्त होतो, त्या दिवशी विवाहाला किती काळ झाला हे पाहिले जाते. परदेशातून येणाऱ्याच्या बाबतीत तो दिवस व्हिसा मिळाल्याचा नसून अमेरिकेत प्रवेश केल्याचा असतो. भारतातील अर्जदारांच्या इमिग्रंट व्हिसाच्या मुलाखती मुंबईतील अमेरिकी वाणिज्य दूतावासात होतात. तेथे सीआर-१ हा सशर्त वर्गाचा व्हिसा मिळालेल्या व्यक्तीच्या विवाहाला प्रवेशापूर्वी दोन वर्षे पूर्ण झाली, तर विमानतळावरील अधिकाऱ्याच्या ते निदर्शनास आणून देणे हिताचे असते. तसे केल्यास प्रवेश आयआर-१ या बिनशर्त वर्गात होऊ शकतो. वाग्दत्त वधू-वरांसाठीच्या के-१ व्हिसावर आलेल्यांना प्रवेशानंतर ९० दिवसांत विवाह करावा लागत असल्याने त्यांचे वास्तव्य जवळजवळ नेहमीच सशर्त असते.

भारतीय कुटुंबांत याबाबत एक गैरसमज आढळतो. कलम २१६ अमेरिकी नागरिकांच्या आणि कायम रहिवाशांच्या, म्हणजे ज्यांच्यासाठी कौटुंबिक वर्गात अर्ज केला जातो अशा, जोडीदारांना लागू आहे. एच-१बी व्हिसावरील अभियंत्याला नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मिळते आणि त्याच अर्जात अवलंबित म्हणून त्याच्या पत्नीलाही ते मिळते, तेव्हा विवाह कितीही नवा असला तरी तिचे कार्ड सशर्त नसते.

अट उठवण्याची प्रक्रिया

दोन वर्षे पूर्ण होण्याच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा अर्ज पतिपत्नींनी संयुक्तपणे करावयाचा असतो. उदाहरणार्थ, १० मार्च २०२३ रोजी दर्जा मिळालेल्या व्यक्तीची मुदत १० मार्च २०२५ रोजी संपते व अर्जाची खिडकी १० डिसेंबर २०२४ रोजी उघडते. त्याआधी केलेला अर्ज परत येऊ शकतो. उशिरा केलेल्या संयुक्त अर्जासोबत विलंबाचे सबळ कारण लेखी द्यावे लागते. आई अथवा वडिलांबरोबर किंवा त्यानंतर ९० दिवसांच्या आत दर्जा मिळालेल्या मुलांची नावे त्याच अर्जात घालता येतात.

विवाह टिकला एवढे दाखवणे पुरेसे नसते. तो मुळात सद्भावनेने केला होता, हे सिद्ध करावे लागते. दोघांच्या नावाचा भाडेकरार किंवा गृहकर्ज, संयुक्त बँक खाते, एकत्र भरलेली कर-विवरणपत्रे, विम्यातील वारसनोंद, मुलांचे जन्मदाखले आणि परिचितांची प्रतिज्ञापत्रे यांसाठी जोडतात. लग्नसोहळ्याची छायाचित्रे पुष्कळ असली तरी एकत्र संसाराच्या रोजच्या कागदांना अधिक वजन असते. घराचे व बँकेचे सर्व व्यवहार एकट्या पतीच्या नावावर ठेवण्याची प्रथा अनेक घरांत आहे. ती या टप्प्यावर पत्नीला अडचणीची ठरते.

अर्ज दाखल होताच मिळणारी पावती कार्डाची मुदत वाढवते. जानेवारी २०२३ पासून ही वाढ ४८ महिन्यांची आहे. कालबाह्य कार्ड आणि ही पावती एकत्र दाखवून नोकरी व परदेशप्रवास सुरू ठेवता येतो.

संयुक्त अर्जातून सूट

पुढील परिस्थितीत जोडीदाराच्या सहीविना अर्ज करता येतो: सद्भावनेने केलेला विवाह घटस्फोटाने संपला असल्यास, जोडीदाराकडून मारहाण वा अतीव क्रौर्य झाले असल्यास, किंवा देशाबाहेर काढल्यास आत्यंतिक हालअपेष्टा होणार असल्यास. जोडीदाराचे निधन झाले असल्यासही संयुक्त सहीची गरज नसते. सुटीच्या अर्जाला ९० दिवसांच्या खिडकीचे बंधन नाही. तो मुदतीत केव्हाही आणि मुदतीनंतरही करता येतो.

घटस्फोटाच्या आधारावर सूट हवी असल्यास न्यायालयाचा अंतिम हुकूम लागतो. विभक्त राहणे किंवा दावा प्रलंबित असणे पुरत नाही. क्रौर्याच्या आधारासाठी मात्र घटस्फोटाची आवश्यकता नाही. ‘तुझे ग्रीन कार्ड रद्द करून टाकीन’ ही धमकी कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत वारंवार दिसते, पण कायद्यात जोडीदाराला तसा अधिकार नाही. तो सही नाकारू शकतो किंवा तक्रार करू शकतो. दर्जा काढून घेण्याचा निर्णय शासनाचा असतो आणि त्यावर स्थलांतर न्यायालयात दाद मागता येते. न्यू जर्सीत १९८५ साली स्थापन झालेली ‘मानवी’ ही दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीची संस्था अशा स्त्रियांना साहाय्य करणाऱ्या आद्य संस्थांपैकी आहे.

विवाह बनावट ठरल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास व अडीच लाख डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिवाय पुढे खऱ्या विवाहाच्या आधारेही त्या व्यक्तीसाठी केलेला अर्ज मंजूर होत नाही.

गुंतवणूकदार

ईबी-५ वर्गातील गुंतवणूकदारांना आय-८२९ हा अर्ज त्याच ९० दिवसांत करावा लागतो. गुंतवणूक टिकवल्याचे आणि किमान दहा पूर्णवेळ रोजगार निर्माण झाल्याचे त्यात दाखवावे लागते. २०२२च्या सुधारणेनुसार किमान रक्कम १० लाख ५० हजार डॉलर असून ग्रामीण व अधिक बेरोजगारीच्या भागांत ती ८ लाख डॉलर आहे.

नागरिकत्वाशी संबंध

कायम रहिवाशाला सामान्यतः पाच वर्षांनंतर नागरिकत्वासाठी एन-४०० हा अर्ज करता येतो. अमेरिकी नागरिकाशी विवाहित असून तीन वर्षे त्याच्यासोबत राहणाऱ्यास ही मुदत तीन वर्षांची आहे. दोन्ही मुदती सशर्त दर्जाच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि अर्ज ९० दिवस आधी करता येतो. वरील उदाहरणातील व्यक्ती विवाह टिकल्यास १० डिसेंबर २०२५ पासून अर्ज करू शकेल. तोवर तिचा आय-७५१ बहुधा प्रलंबितच असेल, आणि त्याचा निकाल लागल्याशिवाय नागरिकत्व मिळत नाही. म्हणून अनेकदा दोन्हींची मुलाखत एकत्र होते. दरम्यान घटस्फोट झाल्यास तीन वर्षांची सवलत जाते, पण सशर्त काळातील वर्षे वाया जात नाहीत. पाच वर्षे भरताच अर्ज करता येतो.

सलग सहा महिन्यांहून अधिक काळ परदेशी राहिल्यास वास्तव्य खंडित झाल्याचे गृहीत धरले जाऊ शकते. बाळंतपणासाठी किंवा आजारी आईवडिलांसाठी भारतात दीर्घकाळ राहणाऱ्यांनी ही बाब लक्षात घ्यावी लागते.

सशर्त अथवा कायम वास्तव्याने भारतीय नागरिकत्वाला बाधा येत नाही. अमेरिकी नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारताच मात्र १९५५च्या भारतीय नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार ते संपते आणि भारतीय पारपत्र परत करावे लागते. त्यानंतर ओसीआय म्हणून नोंदणी करता येते. तिने भारतात राहण्याची मुभा मिळते, मतदानाचा हक्क मिळत नाही.

इतर देशांत

कॅनडाने २०१२ साली काही नवविवाहित जोडीदारांसाठी दोन वर्षे एकत्र राहण्याची अट घातली होती. अत्याचार सोसणारे जोडीदार घर सोडण्यास धजत नाहीत, या आक्षेपामुळे ती २०१७ मध्ये रद्द झाली. ऑस्ट्रेलियात जोडीदाराला प्रथम तात्पुरता व नंतर कायम व्हिसा मिळतो. ब्रिटनने २०१२ मध्ये जोडीदाराच्या कायम वास्तव्यासाठीचा काळ दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेला.