धनुष्याकृति करवत

सकाळीं वर्तमानपत्र उघडून आपण बातमी वाचतों. त्या कागदासाठीं झाड कोणीं कापलें व कशानें कापलें, हें विचारण्याचें आपणांस सहसा कारण पडत नाहीं. आजचें भाषण अशाच एका हत्याराविषयीं आहे. त्याचा फार उपयोग झाला तो अमेरिकेच्या दक्षिण भागांतील पाइन वृक्षांच्या रानांत.

त्या पाइनमध्यें राळ फार, म्हणून त्याचा वर्तमानपत्री कागद होणार नाहीं, अशी समजूत होती. चार्ल्स हर्टी या रसायनशास्त्रज्ञानें १९३२ मध्यें सॅव्हाना येथें प्रयोगशाळा काढून ती खोटी ठरविली. १९४० मध्यें टेक्सासमधील लफ्किन येथें असा कागद करणारा पहिला कारखाना निघाला. लगद्याचें लांकूड त्या भागांत पांच फूट तीन इंच लांबीच्या तुकड्यांत तोडण्याचा प्रघात होता. म्हणजे पाडलेलें एकेक झाड जमिनीवर पुन्हा कितीतरी ठिकाणीं कापावयाचें!

साखळीची करवत जर्मनींत आंद्रेआस श्टील यानें १९२६ मध्यें विजेवर व १९२९ मध्यें पेट्रोलवर चालविली होती. परंतु एकट्या माणसाला पेलतील अशीं हलकीं यंत्रें रानोरान पसरलीं तीं दुसऱ्या महायुद्धानंतर. या यंत्रांत साखळी एका सरळ लोखंडी पट्टीवरून धांवते. आडवें खोड वरून कापूं लागलें कीं पुष्कळदां चीर मिटते आणि पट्टी तींत घट्ट चिमटते. आपल्याकडे आरा चालविणारे चिरेंत पाचर ठोकतात ती याचसाठीं. धनुष्याकृति पट्टींत मधला पत्राच काढून टाकलेला असे. उरे ती वाकविलेली अरुंद कड, आणि तिच्यावरून साखळी फिरे. लांकडानें पकडावें असा रुंद पत्रा आंत नाहीं, पाचरीला जागा मोकळी, आणि दर तुकड्याला कंबर मोडून वांकण्याचें कामही कमी. रचलेल्या ढिगाच्या मापावर ज्याची मजुरी, त्याला ही सोय केवढी वाटली असेल!

धोकाही त्याच आकारांत होता. साखळी-करवतीच्या टोंकाचा वरचा भाग कशालाही लागला, कीं दांत अडकतात व यंत्र उसळून चालविणाऱ्याच्या तोंडाकडे येतें. साखळीचा वेग सेकंदाला साठ फुटांच्या आसपास. पापणी लवण्यापूर्वीं सारें होऊन जातें. सरळ पट्टीचें टोंक लहान असतें, धनुष्याची मात्र पुढची रुंद कड सगळीच उघडी. म्हणून तिच्यावर झांकण बसवीत. तें कापतांना आड येई, तेव्हां कोणी कोणी तें काढून ठेवीत. त्यांना मूर्ख म्हणणें मला पटत नाहीं. ढीग किती उंच झाला हें त्यांना संध्याकाळीं मोजून दिसे. टळलेला अपघात कोणाच्या मोजणींत येतो?

उसळी येतांच साखळी आपोआप थांबविणारा रोधक स्वीडनच्या हुस्क्वार्ना कंपनीनें १९७३ मध्यें आणला. पुढें झाडें लांबच्या लांब उचलून नेणारीं मोठीं यंत्रें आलीं, आंखूड तुकड्यांचें काम रानांतून उठलें, आणि धनुष्याचीही गरज संपत गेली. आतां तें बहुधा जुनीं यंत्रें जमविणाऱ्या हौशी लोकांकडेच आढळतें. कित्येकजण तें चालवूनही पाहतात. त्या काळच्या पुष्कळ यंत्रांवर रोधक नसतो. तेव्हां साखळी त्या पट्टीच्याच मापाची व नीट ताणलेली आहे कीं नाहीं, झांकण जागेवर आहे कीं नाहीं, हें इंजिन सुरू करण्याच्या आधींच पाहावयास हवें. झांकण हरवलें असेल, तर तें धनुष्य खुशाल भिंतीवर टांगून ठेवावें.