मालकीचा चौक : मॉल, मूल आणि परदेश

परदेशी वास्तव्य केलेल्या मराठी कुटुंबांच्या आठवणींत मॉलला हमखास जागा असते. मात्र त्याविषयी लिहिताना 'चंगळवाद' हा एकच शब्द बहुधा पुरेसा मानला जातो. तो शब्द खोटा नाही, अपुरा आहे. जिथे कोणी ओळख विचारत नाही, भाषा अडत नाही आणि काही विकत न घेताही मुलांना घेऊन दोन तास काढता येतात, अशी जागा नव्या देशात आलेल्या आईवडिलांना सहजी सापडत नाही. तो देश आपल्या मुलाला प्रथम भेटतो तो पुष्कळदा मॉलमध्ये. म्हणूनच ही जागा कोणी रचली आणि तिच्यात मुलाचे स्थान काय ठरले होते, हे इतिहासात जाऊन पाहिले पाहिजे.

या इतिहासाचा एक धागा एकोणिसाव्या शतकातील पॅरिसपर्यंत जातो. आरिस्तिद बुसिको याने १८५२ पासून 'बाँ मार्शे' या दुकानाचे एका महाभांडारात रूपांतर केले. आईबरोबर आलेल्या मुलांना तिथे फुगे आणि चित्रांची कार्डे फुकट मिळत. या दुकानाचा बारकाईने अभ्यास करून एमिल झोलाने १८८३ मध्ये 'ओ बोनर दे दाम' ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिचा नायक मुरे याचे गणित सरळ आहे : मूल जिंकले की आई जिंकली. दुकानाचे नाव छापलेला लाल फुगा घेऊन मूल रस्त्याने चालू लागते तेव्हा ते स्वतःच जाहिरात होते. म्हणजे मूल बाजारात चुकून शिरलेले नाही. आधुनिक दुकानाच्या आराखड्यात ते प्रारंभापासून आहे.

पण मॉलची कथा केवळ नफ्याच्या गणिताची असती तर ती फारशी गुंतागुंतीची झाली नसती. छताखालच्या अमेरिकन मॉलचा आद्य शिल्पकार व्हिक्टर ग्रूएन हा स्वतः निर्वासित होता. १९०३ मध्ये व्हिएन्नात जन्मलेला हा ज्यू वास्तुरचनाकार १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर न्यूयॉर्कला पोचला. मोटारींनी विखुरलेल्या अमेरिकन उपनगरांत त्याला उणीव जाणवली ती चौकाची. पायी फिरावे, कॉफी घेत बसावे, माणसे पाहावीत, असे ठिकाणच तिथे नव्हते. मिनेसोटातील इडायना येथे ऑक्टोबर १९५६ मध्ये उघडलेले त्याचे 'साउथडेल' हे त्या उणिवेला दिलेले उत्तर होते. आत बाराही महिने सुमारे २४ अंश सेल्सिअस तापमान, मध्यभागी बागेसारखे प्रांगण, माशांचे तळे आणि रंगीबेरंगी पक्ष्यांचा उंच पिंजरा. मूळ योजनेत भोवती घरे, शाळा, दवाखाने आणि उद्यानही होते. प्रत्यक्षात उरली ती दुकाने आणि वाहनतळ. ग्रूएन १९६८ मध्ये व्हिएन्नाला परतला आणि पुढे या अपत्यांचे पितृत्वच त्याने जाहीरपणे नाकारले. तोवर व्हिएन्नाच्या वेशीवरही एक प्रचंड मॉल उभा राहिला होता.

इथे आणखी एका निर्वासिताचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. वॉल्टर बेंजामिन १९३३ मध्ये जर्मनी सोडून पॅरिसला आला आणि १९४० मध्ये मृत्यू येईपर्यंत काचेच्या छताखालच्या बाजारगल्ल्यांवरील आपल्या अपूर्ण ग्रंथाची टिपणे जमवत राहिला. एकाने हरवलेले शहर काँक्रीटमध्ये उभारू पाहिले, दुसऱ्याने ते शब्दांत शोधले. त्याच काळात बेंजामिनने आपल्या बर्लिनमधील बालपणावर लिहिले. त्यातील एका प्रकरणात झाकलेला बाजार दर्शवणारा जर्मन शब्द मुलाच्या कानी भलत्याच ठिकाणी तुटतो, आणि सवयीने झिजून त्यातला खरेदी-विक्रीचा मूळ अर्थच लोपतो. मुलाला बाजार कळतो तो आधी शब्दाच्या रूपाने, असे या प्रकरणावरून म्हणता येईल.

मिनेसोटात एक हिवाळा काढण्याचा योग आला, तेव्हा ग्रूएनच्या त्या २४ अंशांचा अर्थ उमगला. बाहेर पारा शून्याच्या खूप खाली. आत मुले धावताहेत, आणि बाकांवर भारतातून आलेले आजी-आजोबा त्यांचे कोट सांभाळत बसले आहेत. ते दृश्य केवळ उपभोगाचे नव्हते. एका परीने ग्रूएनचा चौक तिथे खरोखरच भरला होता.

मात्र त्या चौकाला मालक होता. साउथडेलपासून जवळच, ब्लूमिंग्टन येथे १९९२ मध्ये 'मॉल ऑफ अमेरिका' उघडला. त्याच्या पोटात मुलांसाठी आख्खे मनोरंजन-उद्यान आहे. याच मॉलने १९९६ मध्ये नियम केला, की शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी १६ वर्षांखालील मुलांनी प्रौढाच्या सोबतीनेच यावे. त्याच वर्षी तिथे प्राण्यांच्या कातडीच्या विक्रीविरुद्ध निदर्शने करणाऱ्यांवर अनधिकृत प्रवेशाचा खटला झाला. आणि ही जागा खाजगी असल्याने राज्यघटनेतील भाषणस्वातंत्र्य इथे लागू होत नाही, असा निर्णय मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये दिला. झोलाचा फुगा आणि हा नियम एकाच तर्काची दोन टोके आहेत. मूल आईचे बोट धरून येते तोवर ते पाहुणे. बोट सोडून मित्रांसह येऊ लागले, की तो प्रश्न होतो.

हे सारे दूरदेशीचे म्हणून बाजूला सारता येत नाही. त्याच १९९९ मध्ये मुंबईत हाजी अलीजवळ 'क्रॉसरोड्स' उघडला, तेव्हा काही काळ मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड असणाऱ्यांनाच मुक्त प्रवेश होता. इतरांनी प्रवेशशुल्क भरायचे. चौकाला उंबरठा असतो, हे त्या दिवसांत मुंबईनेही पाहिले.

परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलासमोरचा पेच मात्र अधिक खोल आहे. 'बाजार', 'चौक', 'जत्रा', 'पार' हे शब्द त्याला घरात ऐकू येतात, पण बोट दाखवायला बाहेर एकच वास्तू असते. त्या साऱ्या शब्दांचा अर्थ तो त्या एकाच वास्तूतून भरून घेतो. पार कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न त्याच्या आजोबांना कधी पडला नसेल. जिथे पडायला हवा होता तिथे, जातीच्या भिंतींपाशी, तोही पुष्कळांना पडला नाही. नातवाला तो पडण्याची शक्यता आणखी कमी आहे, कारण त्याला हाकलताना कोणी जात विचारत नाही, फक्त वय आणि वेळ पाहतो. 'चौक' या मराठी शब्दात अजून 'कोणीही यावे' हा अर्थ शिल्लक असेल, तर तो मुलाच्या कानी पोचवणे हे भाषा टिकवण्याच्या कामातले कदाचित सर्वांत निकडीचे काम ठरेल.